खाणीचे पाणी ओढ्यात, ओढ्याचे पाणी शेतात : विसर्गाचे नियम आणि सिंचनाची कसोटी

मे महिन्यात वणी, राजुरा, भद्रावती किंवा चंद्रपूर तालुक्यातून फिरताना एक विसंगत दृश्य दिसते. विहिरी तळाला गेलेल्या असतात, बहुतेक नाले कोरडे पडलेले असतात. मात्र कोळसा खाणीच्या बाजूने येणारा एखादा ओढा भर उन्हाळ्यात वाहत असतो. हे पाणी पावसाचे किंवा नैसर्गिक झऱ्याचे नसते. खाणीत कोळसा काढता यावा म्हणून तेथे साचणारे पाणी अहोरात्र उपसून बाहेर सोडले जाते, तेच या ओढ्यातून वाहते. काठचे शेतकरी त्यावर मोटारी बसवून भाजीपाला, उन्हाळी पिके किंवा संत्र्याची झाडे जगवितात.

हे पाणी वापरावे की नाही, असा प्रश्न शेतकरी विस्तार कार्यकर्त्यांना वारंवार विचारतात. त्यावर खाणीकडून आणि कधी शासकीय कार्यालयाकडूनही एकच उत्तर मिळते : "पाणी मानकांत आहे." हे उत्तर बहुधा खरे असते, परंतु ते अपुरे असते. पाणी ओढ्यात सोडण्याची मानके आणि पाणी शेताला देण्याच्या कसोट्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कसोटी उत्तीर्ण झालेले पाणी दुसऱ्या कसोटीत अनुत्तीर्ण होऊ शकते. हा फरक कोठून येतो, नियमनाची चौकट काय सांगते आणि शेतकऱ्याने कोणती तपासणी करून घ्यावी, याचे विवेचन या लेखात केले आहे.

खाणीत पाणी येते कोठून?

विदर्भातील कोळसा प्रामुख्याने वर्धा खोऱ्यात आणि नागपूर जिल्ह्यातील कामठी व उमरेड परिसरात आढळतो. येथील बहुतेक खाणी वेस्टर्न कोलफील्ड्स या सार्वजनिक कंपनीच्या आहेत. कोळशाच्या थरांभोवतीचा वालुकाश्म सच्छिद्र असल्याने त्यात भूजल साठलेले असते. खाण भूजल पातळीच्या खाली गेली की हे पाणी चारही बाजूंनी आत झिरपते. पावसाळ्यात खुल्या खाणीत थेट पडणाऱ्या पावसाची त्यात भर पडते. खाणीच्या सर्वांत खोल भागात हे पाणी एकत्र होते व पंपाने बाहेर काढले जाते.

याखेरीज आणखी दोन प्रवाह असतात. यंत्रसामग्री धुण्याच्या व दुरुस्तीच्या जागेतून तेलमिश्रित पाणी येते. कोळशावर पोहोचण्यासाठी उपसलेल्या माती-दगडांच्या ढिगाऱ्यांवरून पावसाळ्यात गाळाचे लोट वाहतात. या तिन्ही प्रवाहांची प्रकृती भिन्न असते, म्हणून त्यांवरील प्रक्रियाही भिन्न असावी लागते. तिन्ही पाणी एकाच नालीत येऊ लागल्यास पुढील प्रक्रियेचा फारसा उपयोग होत नाही.

पाण्यात काय मिसळते?

कोळसा व त्यालगतच्या खडकांत लोह व गंधक यांचे पायराइट नावाचे खनिज असते. खाणकामामुळे ते उघडे पडते. हवा व पाणी यांच्याशी संयोग होऊन त्यापासून गंधकाम्ल आणि विरघळलेले लोह तयार होते. मेघालयातील जैंतिया टेकड्यांमध्ये गंधकाचे प्रमाण जास्त असलेल्या कोळशामुळे ओढे आम्लधर्मी झाले. तेथील बिळांसारख्या खाणींवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१४ मध्ये बंदी घातली.

विदर्भातील गोंडवना कोळशात गंधकाचे प्रमाण तुलनेने कमी असते. त्यामुळे येथील खाणीचे पाणी तितके आम्लधर्मी नसते. खडकातील कॅल्शियम व मॅग्नेशियमची कार्बोनेटे तयार होणारे आम्ल बरेचसे निष्प्रभ करतात. परंतु या प्रक्रियेत आम्ल नाहीसे झाले तरी त्याच्या जागी क्षार उरतात. सल्फेट, बायकार्बोनेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम व सोडियम हे सर्व पाण्यात विरघळलेले राहतात. असे पाणी दिसायला स्वच्छ आणि सामूने जवळपास उदासीन असते. तरीही ते खारवट व कठीण असू शकते.

ओढ्याच्या काठी उभे राहून काही खुणा ओळखता येतात. तळाच्या दगडांवर नारिंगी, चिकट थर असल्यास लोहाचे प्रमाण जास्त असल्याचे समजावे. काळा बारीक गाळ कोळशाच्या भुकटीचा, तर पाण्यावरील रंगीत तवंग बहुधा तेलाचा असतो. पाणी आटल्यावर काठावर पांढरी पापुद्री दिसल्यास ते क्षारांचे लक्षण आहे. मात्र पाणी वाहते असताना क्षार डोळ्यांना दिसत नाहीत.

निवळण टाकी काय करते आणि काय करीत नाही?

खाणीच्या पाण्यावरील सर्वांत प्रचलित प्रक्रिया म्हणजे निवळण टाकी. पाण्याचा वेग कमी केला की त्यातील कण तळाशी बसतात, हे तिचे तत्त्व होय. कण किती वेळात बसेल हे त्याच्या आकारावर अवलंबून असते. ०.०२ मिलिमीटर व्यासाचा पोयट्याचा कण एक मीटर खोली साधारण पाऊण तासात उतरतो. ०.००२ मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला त्याच खोलीसाठी तीन दिवसांहून अधिक काळ लागतो. म्हणजे व्यास दहापट कमी झाला की लागणारा वेळ शंभरपट वाढतो. त्यामुळे बारीक चिकणमाती असलेले पाणी टाकीतून गढूळच बाहेर पडते. तुरटीसारखा पदार्थ वापरून बारीक कण एकत्र आणल्याशिवाय ते निवळत नाही.

दुसरी मर्यादा देखभालीची आहे. एक हजार घनमीटर क्षमतेच्या टाकीत ताशी शंभर घनमीटर पाणी येत असेल, तर ते दहा तास थांबते. टाकी निम्मी गाळाने भरली की हा कालावधी पाच तासांवर येतो. गाळ वेळेवर न काढलेली टाकी कागदोपत्री अस्तित्वात असते, पण तिचे काम थांबलेले असते. पहिल्या पावसापूर्वी टाक्या, तसेच ढिगाऱ्यांभोवतीच्या नाल्या व पायथ्याच्या दगडी भिंती साफ व सक्षम आहेत का, ही तपासणी म्हणूनच सर्वांत महत्त्वाची ठरते.

तिसरी मर्यादा मूलभूत आहे. निवळण टाकी तरंगणारा गाळ काढते, विरघळलेले क्षार काढत नाही. तेल वेगळे करण्याचा कप्पा तेल अडवितो. चुना मिसळून आम्लता कमी करता येते व लोह गाळाच्या रूपात खाली बसविता येते. क्षार मात्र पडद्यांच्या साहाय्याने केलेल्या शुद्धीकरणानेच दूर होतात. असे शुद्धीकरण खर्चिक असल्याने ते पिण्याच्या पाण्यासाठीच परवडते. नागपूर जिल्ह्यातील पाटणसावंगी येथे खाणीच्या पाण्यावर प्रक्रिया करून 'कोल नीर' या नावाने पिण्याचे पाणी तयार करण्यात आले. खाणीचे पाणी योग्य प्रक्रियेनंतर उपयोगी ठरते, हे त्यातून स्पष्ट होते. परंतु ओढ्यात सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर इतकी प्रक्रिया होत नाही.

नियमनाची चौकट

जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ हा या विषयाचा मूळ कायदा आहे. महाराष्ट्राने तो १९८१ मध्ये स्वीकारला. त्यातील कलम २४ अन्वये ओढा, नदी किंवा विहीर प्रदूषित करण्यास मनाई आहे. कलम २५ अन्वये सांडपाणी सोडण्यापूर्वी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आवश्यक असते. संमतीपत्रात किती पाणी, कोठे आणि कोणत्या गुणवत्तेचे सोडायचे, याच्या अटी असतात. या अटींची नोंदवही मंडळाने ठेवावी आणि बाधित किंवा हितसंबंधित व्यक्तीला ती पाहता यावी, अशी तरतूद याच कलमात आहे. कलम ३३-अ अन्वये मंडळ प्रकल्प बंद करण्याचे किंवा त्याची वीज तोडण्याचेही निर्देश देऊ शकते.

पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ अन्वये कोळसा खाणींसाठी सन २००० मध्ये स्वतंत्र मानके अधिसूचित झाली. त्यांतील प्रमुख मर्यादा पुढीलप्रमाणे आहेत :

• सामू : ५.५ ते ९.०
• तरंगणारे घन पदार्थ : ओढ्यात सोडताना १०० मिलिग्रॅम प्रति लिटर; सिंचनासाठी जमिनीवर सोडताना २००
• तेल व ग्रीस : १० मिलिग्रॅम प्रति लिटर
• रासायनिक प्राणवायू मागणी : २५० मिलिग्रॅम प्रति लिटर
• नायट्रेट नत्र : १० मिलिग्रॅम प्रति लिटर

याशिवाय, पर्यावरण प्रभाव मूल्यांकन अधिसूचना, २००६ अन्वये पर्यावरणविषयक मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाने अटींच्या पालनाचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून व १ डिसेंबर रोजी, सादर करावयाचा असतो. हे अहवाल सार्वजनिक दस्तऐवज आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या सर्वंकष निर्देशांकात चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळून त्याची गणना देशातील अतिप्रदूषित क्षेत्रांत झाली होती. तेथे हे अहवाल नियमितपणे वाचण्याची आवश्यकता अधिकच आहे.

पहिली कसोटी विसर्गाची, दुसरी सिंचनाची

वरील यादीत विद्युत वाहकता, सोडियम शोषण गुणोत्तर व उर्वरित सोडियम कार्बोनेट या बाबी नाहीत. शेतीच्या दृष्टीने पाण्याची प्रत ठरविणाऱ्या नेमक्या याच बाबी आहेत. म्हणून सामू, गाळ व तेल यांच्या मर्यादेत असलेले पाणी "मानकांत" असूनही खारवट असू शकते. त्यात कोणाची लबाडी असेलच असे नाही. विसर्गाची मानके ओढ्याचे रक्षण करण्यासाठी आखलेली आहेत. जमिनीत वर्षानुवर्षे साचणाऱ्या क्षारांचा विचार हा त्यांचा मुख्य हेतू नाही.

सिंचनाच्या पाण्यासाठी सर्वसाधारणपणे पुढील मर्यादा मानल्या जातात :

• विद्युत वाहकता : ०.२५ डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत उत्तम, ०.७५ पर्यंत चांगले, २.२५ पर्यंत निचरा व पीकनिवड सांभाळून वापरावे, त्यापुढे टाळावे
• सोडियम शोषण गुणोत्तर : १० पेक्षा कमी असल्यास सुरक्षित, १८ पेक्षा जास्त असल्यास धोक्याचे
• उर्वरित सोडियम कार्बोनेट : १.२५ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटरपेक्षा कमी असल्यास सुरक्षित, २.५ पेक्षा जास्त असल्यास अयोग्य

ठिबक सिंचन करणाऱ्यांसाठी हा फरक आणखी ठळक आहे. तरंगणारे घन पदार्थ ५० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या पुढे गेले की तोट्या बुजू लागतात, १०० च्या पुढे हा धोका गंभीर होतो. विरघळलेले लोह १.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असल्यासही तोट्या बुजण्याचा गंभीर धोका असतो. म्हणजे १०० मिलिग्रॅमच्या कायदेशीर मर्यादेत बसणारे पाणीही प्रभावी गाळणीशिवाय ठिबक संचात सोडणे हिताचे नाही.

काळ्या जमिनीतील हिशेब

सात सेंटिमीटर खोलीची एक पाळी म्हणजे हेक्टरी ७०० घनमीटर, अर्थात सात लाख लिटर पाणी. त्यात गाळ १०० मिलिग्रॅम प्रति लिटर असल्यास एका पाळीत हेक्टरी ७० किलो गाळ येतो. हा भार जमीन सहन करू शकते.

आता क्षारांचा हिशेब पाहू. विद्युत वाहकता २ डेसीसायमन प्रति मीटर असलेल्या पाण्यात स्थूलमानाने लिटरमागे १,२८० मिलिग्रॅम क्षार असतात. त्याच एका पाळीत हेक्टरी सुमारे ९०० किलो, तर पाच पाळ्यांत सुमारे साडेचार टन क्षार शेतात येतात. डोळ्यांना दिसणाऱ्या गाळापेक्षा न दिसणाऱ्या क्षारांचा भार येथे बारा पटींहून अधिक आहे.

पूर्व विदर्भात पाऊस चांगला असल्याने यातील काही क्षार पावसाळ्यात खाली धुपून जातात. परंतु भारी काळ्या जमिनीत निचरा मंद असतो. पाण्यात सोडियम अधिक असल्यास चिकणमातीचे कण विखुरतात, पाणी मुरण्याचा वेग घटतो आणि जमीन हळूहळू चोपण होते. पिकांची सहनशीलताही सारखी नसते. कपाशी व गहू बऱ्यापैकी क्षार सहन करतात, सोयाबीन मध्यम आहे. कांदा, मिरची व संत्रा मात्र संवेदनशील आहेत. ओढ्याच्या पाण्यावर उन्हाळ्यात जगविली जाणारी पिके बहुधा याच संवेदनशील गटातील असतात, ही चिंतेची बाब आहे.

गोव्याचा अनुभव

गोव्यात प्रश्नाचे स्वरूप वेगळे आहे. डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांतील लोहखनिजाच्या खाणी डोंगरांवर आणि भातशेती त्यांच्या पायथ्याला आहे. तेथे मुख्य संकट क्षारांचे नसून लाल गाळाचे आहे. पावसाळ्यात ढिगाऱ्यांवरून येणारी बारीक माती ओहोळांत व तेथून भातखाचरांत पसरते. ती वाळली की घट्ट थर बनतो. ओहोळाचे पात्र उथळ झाल्याने पुराचे पाणी शेतात लवकर शिरते.

लोहखनिज खाणींसाठी २०१० मध्ये वेगळी मानके आली. त्यांत तरंगणाऱ्या घन पदार्थांची मर्यादा ५० मिलिग्रॅम प्रति लिटर, परंतु पावसाळ्यात २०० इतकी आहे. विरघळलेल्या लोहाची व मंगलाची मर्यादा प्रत्येकी २ मिलिग्रॅम आहे. म्हणजे भाताचा हंगाम असतो तेव्हाच गाळाची मर्यादा शिथिल होते.

गोव्यातील खाणकाम सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य शासनाने व ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थांबविले. एप्रिल २०१४ च्या निकालाने ते अटींसह पुन्हा सुरू करण्यास वाट दिली आणि फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ते पुन्हा थांबले. या काळात उत्खनन थांबले, तरी डोंगरावरील ढिगारे जागेवरच होते. पाऊस ढिगाऱ्यावर पडतो तोपर्यंत गाळ येत राहतो; खाण चालू आहे की बंद, यावर तो अवलंबून नसतो. ढिगाऱ्यांचा उतार कमी करणे, त्यांवर गवत व झाडे लावणे आणि पायथ्याचे बांध टिकविणे ही कामे खाण बंद झाल्यावरही चालू राहिली पाहिजेत, हा धडा विदर्भालाही लागू पडतो.

नमुना कसा व केव्हा घ्यावा?

वर्षातून एकदा घेतलेल्या नमुन्यावरून ओढ्याची खरी स्थिती कळत नाही. किमान तीन वेळा नमुने घ्यावेत : एप्रिल-मेमध्ये, जेव्हा ओढ्यात जवळपास सर्व पाणी खाणीचेच असते, जूनमधील पहिल्या जोरदार पावसानंतर, जेव्हा ढिगाऱ्यांचा गाळ येतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, रब्बीच्या पाळ्या सुरू होण्यापूर्वी.

• प्रत्येक वेळी तीन जागा निवडाव्यात : खाणीचे पाणी मिसळण्याच्या वरच्या बाजूला, मिसळल्यानंतर खालच्या बाजूला आणि आपल्या विहिरीत. वरच्या नमुन्याशी तुलना केल्याशिवाय दोष कोणाचा हे ठरविता येत नाही.
• खाणीच्या हद्दीत शिरू नये. सार्वजनिक ओढ्यातूनच नमुना घ्यावा.
• एक लिटरची स्वच्छ प्लास्टिक बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरावी. जागा, तारीख, वेळ व आदल्या दिवसाचा पाऊस यांची नोंद बाटलीवर करावी.
• नमुना शक्यतो २४ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावा. लोह व इतर धातूंसाठी वेगळी बाटली लागते. ती प्रयोगशाळेकडूनच मागून घ्यावी.
• विद्युत वाहकता, सामू, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, कार्बोनेट, बायकार्बोनेट, क्लोराइड व सल्फेट या तपासण्या स्पष्टपणे मागाव्यात.

खिशात मावणारे विद्युत वाहकता मापक विस्तार कार्यकर्त्याकडे असल्यास ओढ्याच्या काठीच प्राथमिक अंदाज घेता येतो. दर पंधरवड्याला एक नोंद केल्यास वर्षअखेरीस मंडळासमोर ठेवता येईल अशी माहिती तयार होते.

तक्रार आणि मागणी

शेतकऱ्याने स्वतः घेतलेला नमुना जल अधिनियमाखालील कायदेशीर नमुना ठरत नाही. कलम २१ नुसार मंडळाच्या अधिकाऱ्याने खाण व्यवस्थापनास सूचना देऊन घेतलेला, दोन भागांत विभागलेला व मोहोरबंद केलेला नमुनाच पुराव्यासाठी ग्राह्य असतो. तरीही शेतकऱ्याच्या नोंदी निरर्थक नाहीत. पाणी कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी बिघडते हे त्यांतून कळते आणि अधिकाऱ्याला नेमक्या वेळी बोलाविता येते. म्हणून तक्रार ग्रामपंचायतीच्या ठरावासह, तारखा व छायाचित्रे जोडून, मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाकडे लेखी द्यावी व पोच घ्यावी.

जमिनीचे किंवा पिकाचे नुकसान झाल्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, २०१० च्या कलम १५ अन्वये भरपाईसाठी अर्ज करता येतो. त्याची मुदत कारण प्रथम घडल्यापासून पाच वर्षांची आहे. महाराष्ट्र व गोव्यासाठी पुण्यातील पीठ आहे. अशा अर्जात आधीचा माती परीक्षण अहवाल निर्णायक ठरतो. जमीन पूर्वी कशी होती हे दाखविता आले नाही तर ती बिघडली हे सिद्ध करणे कठीण जाते. ओढ्यालगतच्या प्रत्येक शेतकऱ्याने आजच माती परीक्षण करून अहवाल जपून ठेवावा.

सर्वांत परिणामकारक वेळ मात्र नुकसानीपूर्वीची असते. नव्या किंवा विस्तारित खाणीसाठी जनसुनावणी होते, तेव्हा व संमतीपत्राचे नूतनीकरण होते तेव्हा, मंडळाला सामान्य मानकांपेक्षा कडक किंवा अतिरिक्त अटी घालता येतात. ज्या ओढ्याचे पाणी सिंचनासाठी वापरले जाते, तेथे विद्युत वाहकता व सोडियम शोषण गुणोत्तर यांची नियमित तपासणी संमतीपत्राच्या अटींत समाविष्ट करावी आणि तिचे निष्कर्ष ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत, अशी मागणी ग्रामसभेच्या ठरावाने करावी.

तोपर्यंत शेतात काय करावे?

परीक्षणाचा अहवाल येईपर्यंत संत्रा, कांदा, मिरची व रोपवाटिका यांना हे पाणी एकट्याने देऊ नये. विहिरीचे चांगले पाणी उपलब्ध असल्यास त्याच्याशी मिसळून किंवा आलटूनपालटून द्यावे. उगवणीच्या काळात चांगलेच पाणी वापरावे. शेतात चर काढून निचरा मोकळा ठेवावा, सेंद्रिय खतांचा वापर वाढवावा. उर्वरित सोडियम कार्बोनेट किंवा सोडियमचे प्रमाण जास्त आढळल्यास जिप्समची मात्रा माती परीक्षणानुसारच ठरवावी. अंदाजाने जिप्सम टाकू नये.

एक गोष्ट अखेरीस लक्षात ठेवावी. उन्हाळ्यात वाहणारा हा ओढा खाणीच्या पंपावर अवलंबून आहे. खाण बंद झाली किंवा पाणी दुसऱ्या प्रकल्पाला दिले गेले की तो आटेल. त्याच्या भरवशावर बहुवर्षायू फळबाग उभी करण्यापूर्वी शेतकऱ्याने पाण्याच्या प्रतीइतकाच त्याच्या शाश्वतीचाही विचार करावा आणि विस्तार कार्यकर्त्यांनी तसा स्पष्ट सल्ला द्यावा.